नाकापुरती पावडर

टीपकागदावर शाईचा एक थेंबही नव्हता. मधोमध बोटाच्या पेराएवढा तेलकट डाग होता, पलीकडचं आरपार दिसावं असा, आणि वच्छला तो कागद खिडकीच्या उजेडात धरून बघत होती. "बाई, ह्यो तुमच्या रजिस्टरात व्हता," ती म्हणाली. मग मागे कोणी ऐकत नाही ना असं पाहून तिनं आवाज उतरवला. "तुमी यानं नाक टिपता व्हय?"

अंबिकानं हातातलं पाकीट होतं तसंच धरून ठेवलं. कचेरीतल्या आवक-जावकच्या टेबलावर तिला अकरा वर्षं झाली होती. कोणत्या तालुक्याचं कोणतं पत्र कोणत्या आठवड्यात आलं हे ती रजिस्टर न उघडता सांगायची, आणि आज तिचाच एक कागद, ज्याला नंबर नाही की तारीख नाही, भलत्याच हाती लागला होता. "छे, काहीतरीच," ती म्हणाली. "डोक्याला तेल लावते मी. हात लागला असेल." उत्तर इतकं तयार होतं याचं तिचं तिलाच नवल वाटलं. अकरा वर्षांत कोणी विचारलं नव्हतं, आणि तरी उत्तर जिभेच्या टोकावर बसून होतं. वच्छला ही नवी टायपिस्ट. फुलंब्रीची, वीस-एकवीस वर्षांची, उस्मानपुऱ्यात आत्याकडे राहणारी, कचेरीत लागून तीन महिनेही न झालेली. तिनं कागद टेबलावर ठेवला, पण जायचं नाव घेईना. "तसं नाय बाई. मी लई दिस झाले बघायलेय. तुमचे गाल चमकतात अन् नाक चमकत नाय. आमच्या घरी उलटं हाय, समद्यांची नाकंच चमकतात. म्हंजी तुमी पावडर लावता, पण सगळ्या तोंडाला नाय लावत. कुठं कुठं लावता?"

"मी पावडर लावत नाही," अंबिका म्हणाली. "जा, साहेबांचं पत्र टाइप व्हायचंय अजून."

पोरगी गेली आणि तिच्या मशीनचा खडखडाट सुरू झाला. अंबिकानं टीपकागदाच्या चार घड्या करून तो पिशवीच्या तळाशी कोंबला. भीती वाटायला हवी होती आणि ती वाटतही होती. पण तिच्या बरोबरीनं आणखी काहीतरी वर येत होतं, ते तिला ओळखू येईना. कोणीतरी पाहिलं होतं. नुसतं पाहिलं नव्हतं, नीट पाहिलं होतं, गाल वेगळे आणि नाक वेगळं. किती दिवस बघत होती ही? कोणत्या बाजूनं? उजवी बाजू अंबिकाला जास्त बरी जमायची, डावीकडे नाकपुडीच्या खाचेत थोडी राहून जायची. हिला डावी बाजू दिसली असेल का? हा विचार मनात आला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. चोरी उघडकीला आली तर आली, वर ती आपल्याला चांगली जमली होती की नाही याची काळजी!

अंबिका विधवा होती आणि विधवेनं पावडर लावायची नसते. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. साल अठ्ठ्याहत्तर होतं, मुली सायकलवरून कॉलेजात जात होत्या, आणि अंबिकाला कोणी लाल आलवण नेसायला लावलं नव्हतं. पण पलीकडच्या खात्यातल्या एका विधवा बाईंनी गॅदरिंगच्या दिवशी अबोलीचा गजरा माळला होता, तर तो गजरा सुकून गेल्यावरही वर्षभर लोकांच्या तोंडी ताजाच होता. 'कोणासाठी हो?' एवढाच प्रश्न, पण तो रोज कोणी ना कोणी विचारायचं, चहाच्या कपावरून, हसत हसत. शेवटी त्या बाई बदली मागून बीडला गेल्या. अंबिकाला बदली नको होती. घरी सासूबाई होत्या, नोकरी व्यंकटरावांच्या जागेवर मिळालेली होती, आणि दोघींचं जगणं ज्या एका गोष्टीवर उभं होतं ती म्हणजे व्यंकटरावांची बायको सरळ आहे हे लोकांचं मत. नाकावरच्या चिमूटभर पावडरीनं ते मत एका दुपारीत पालटू शकतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ती रोज लावायची. का लावायची, हे तिनं स्वतःला कधी धड विचारलं नव्हतं.

सुरुवात तर सजण्यासाठी झालीच नव्हती. कचेरीत रुजू झाली तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. मार्च महिना, वर पत्र्याचं छप्पर, टेबल पश्चिमेच्या खिडकीला लागून. तिची कातडी मुळातच तेलकट. दुपारी तीनपर्यंत नाक, कपाळ, हनुवटी सगळं ओलं झाल्यासारखं चकाकायचं, आणि जो येईल तो म्हणायचा, "रडू नका, अंबिकाबाई." हेडक्लार्क दत्तोपंत सुपारी कातरता कातरता थांबायचे. "धीर धरा," म्हणायचे, "वर बसलेल्याला सगळं दिसतंय." अंबिका रडत नसायची, ती पाकिटांवर शिक्के मारत असायची. जे रडायचं ते घरी मोरीत नळ सोडून रडून झालं होतं, आणि उरलेलं कोणाला दाखवायची तिची इच्छा नव्हती. एकदा ती वैतागून म्हणाली, "मी रडत नाही हो, घाम आहे हा," तर दत्तोपंतांच्याच डोळ्यांत पाणी आलं. "किती सोसता!" म्हणाले. त्या संध्याकाळी तिनं गुलमंडीवर पावडरीचा डबा घेतला आणि दुकानदारानं काही विचारलं नसताना त्याला सांगून टाकलं, "घामोळ्यासाठी हवाय." दुसऱ्या दिवशी नाकाला चिमूटभर लावून ती कचेरीत गेली. त्या दिवशी कोणीही तिचं सांत्वन केलं नाही. वैधव्याच्या पहिल्या वर्षातला तो तिचा सगळ्यात सुखाचा दिवस होता, आणि ते सुख कोणाला बोलून दाखवण्यासारखं नव्हतं.

पण पावडर लावायची आणि ती दिसू द्यायची नाही, हे जमवायचं कसं? तेव्हा तिला मुन्नीआपा आठवल्या. पोलीस अॅक्शन होऊन गेली त्या वर्षी अंबिका दहा वर्षांची होती. गल्लीतली बरीच घरं रिकामी झाली, कोणी हैदराबादला गेलं, कोणी आणखी लांब. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या मुन्नीआपा मात्र गेल्या नाहीत. बाहेर निघायचं असलं की त्या आरशापुढे मांडी घालून बसायच्या, गोल डबीतली पावडर कापसाच्या बोळ्यानं लावायच्या आणि लावायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ मलमलीच्या तुकड्यानं ती काढत राहायच्या. "लगाना तो सबकु आता, बेटा," म्हणायच्या, "निकालना किसकु नै आता." मग वरून बुरखा घ्यायच्या. छोटी अंबिका विचारायची, बुरख्यात तोंड दिसणारच नाही तर पावडर कशाला? यावर आपा इतक्या हसायच्या की घाम येऊन पुन्हा बोळा फिरवावा लागायचा. "मेरेकु तो मालूम रहता ना!" त्या वयात अंबिकाला हे उत्तर वाटलंच नव्हतं. तिला वाटायचं, आपा थट्टा करतायत.

अंबिका स्वतःच्या तोंडावर हळूहळू शिकत गेली, चुकत चुकत. पावडर तळहातावर घ्यायची नाही, हात दमट असतो, गोळे होतात. व्यंकटरावांच्या जुन्या धोतराचा मऊ तुकडा तिनं ठेवला होता, त्यावर डबा नुसता टेकवायचा आणि तुकडा झटकायचा, इतका की त्यावर काही उरलंच नाही असं वाटावं. तोंड धुऊन, पुसून, पाणी पूर्ण आटेपर्यंत थांबायचं. मग नाकाचा शेंडा, दोन्ही नाकपुड्यांच्या खाचा, दोन भुवयांमधली जागा, खालच्या ओठाखालचा खळगा. एवढंच. आणि तेही घासायचं नाही, दाबायचं. गालाला हात लावायचा नाही. गालाची चमक गेली की तोंड भिंतीसारखं दिसतं आणि मग कोणीही ओळखतं. डोळ्यांखाली नाही, तिथल्या बारीक सुरकुत्यांत ती जाऊन बसते आणि बाई आहे त्याहून पाच वर्षांनी मोठी दिसते. शेवटी दिव्याखाली नाही तर खिडकीशी उभं राहून बघायचं, तेही समोरून नाही, बाजूनं. दुपारी जेवणानंतर तेल पुन्हा वर आलं की कचेरीतला टीपकागद होताच. हे सगळं शोधून काढताना तिला जी मजा यायची तशी मजा तिला दुसऱ्या कशातच आली नव्हती. लग्नाआधी आईनं तिच्या तोंडाला पावडर फासली होती, व्यंकटराव असताना तिनं स्वतः फासली, तेव्हा ते फक्त लावणं होतं. लपवायची वेळ आल्यावर तिला पहिल्यांदा आपलं तोंड बघावं लागलं.

आणि मग ते तेजाचं प्रकरण झालं. अकाउंट्सच्या आशाबाई एक दिवस सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अंबिकाबाईंच्या चेहऱ्यावर बघा कसं तेज आहे, नाही तर आपली तोंडं, नुसती तेलाची बुधली. हे गुरुवारचं फळ आहे हो." अंबिका गुरुवार करायची ते सासूबाई करायच्या म्हणून, एकीसाठी वेगळा स्वयंपाक कोण करणार! पण तिनं काही खुलासा केला नाही. नुसती मान खाली घातली, आणि ती नम्रता समजली गेली. आशाबाईंनीही गुरुवार धरले. सात महिने झाले होते. दर गुरुवारी चारच्या सुमाराला त्यांना घेरी यायची, शिपाई फकिरा पाण्याचा तांब्या घेऊन पळायचा, आणि शुक्रवारी सकाळी आशाबाई पर्समधल्या आरशात बघून विचारायच्या, "काही फरक वाटतो का हो?" अंबिकाला हसूही यायचं आणि पाप लागल्यासारखंही वाटायचं. 'आशाबाई, नुसता टीपकागद घ्या,' असं म्हणून टाकावं असं तिच्या अगदी ओठांवर यायचं.

टीपकागद सापडला त्या सोमवारी घरी जाताना तिनं नेहमीसारखी बायकांची तोंडं पाहिली. ही तिची जुनी सवय, पण आज ती जास्तच बघत होती. पैठण गेटपाशी भाजी घेणाऱ्या एकीच्या भुवयांत पावडर अडकली होती. दुसरीचं तोंड पांढरं आणि मान सावळी, मधे सरळ रेघ. तिसरीनं तोंड पुसताना एक गाल कोरडा केला होता आणि एक तसाच ठेवला होता. यांना कोणी सांगत का नाही? आणि आपल्यासारखी आणखी कोणी असेल का या गर्दीत, जिचं लावलेलं कोणालाच दिसत नाही? असली तर ती आपल्यालाही दिसणार नाही. हे लक्षात आलं आणि ती भर रस्त्यात थांबली, मागून येणाऱ्या सायकलवाल्यानं घंटी वाजवली. घरी सासूबाई खाटेवर बसून वाती वळत होत्या. त्यांची नजर अधू झाली होती, पण नाक चांगलं होतं. "घामोळं गेलं का गं तुझं?" त्यांनी विचारलं. अंबिका म्हणाली, "अजून आहे थोडं." सासूबाई वात वळत राहिल्या. "मार्गशीर्षात कसलं बाई घामोळं," त्या म्हणाल्या, रागानं नव्हे, नुसतं हवेबद्दल बोलावं तसं. अंबिका दारात चप्पल काढता काढता थबकली. यांना किती वर्षांपासून ठाऊक असेल? की काहीच ठाऊक नसेल? विचारावं तर आपणच सांगितल्यासारखं झालं असतं.

मंगळवारी ती पावडर न लावता कचेरीत गेली. तिला बघायचं होतं, कोणाला कळतं. आशाबाईंना कळलं नाही, त्या जमाखर्चाच्या वहीत बुडाल्या होत्या. साहेब तिच्या अंगावरून दोनदा गेले. दुपारी दत्तोपंत, जे आता निवृत्तीला आले होते, सुपारी कातरता कातरता थांबले आणि अकरा वर्षांपूर्वीच्याच आवाजात म्हणाले, "घरी सगळं ठीक ना? रडू नका." अंबिकाला हसू आवरेना, आणि हसू दाबताना डोळ्यांत खरंच पाणी आलं, तेव्हा दत्तोपंतांनी समजूतदारपणे मान हलवली. वच्छला मात्र मशीन थांबवून बघत होती. ती डबा खायच्या वेळी अंबिकाजवळ आली आणि म्हणाली, "आज नाय लावली ना तुमी?" अंबिका भाकरी मोडत राहिली. "बाई, मी कोणाला सांगायची नाय. मला येत्या रविवारी बघायला यायलेत. पाचोडचे हायेत, मास्तर हाय पोरगा." मग खाली बघून, नखानं डब्याचं झाकण खरवडत तिनं सांगितलं. याआधी दोन स्थळं येऊन गेली. दोन्ही वेळा आत्यानं तिच्या तोंडाला पावडर फासली, हनुवटीपासून केसांपर्यंत. दुसऱ्या वेळी पोराची मावशी चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, पोरीला तोंड धुऊन आणा, खरा रंग बघू द्या. "मी गेले न्हाणीत. धुतलं. पदरानं पुसलं अन् तशीच येऊन बसले त्यांच्यासमोर. त्या उठल्या, जवळ आल्या, अन् गालाला बोट लावून बघितलं बाई, निघतं का काय अजून." तिनं डब्याचं झाकण घट्ट बसवलं. "न लावता बसावं तर आत्या ऐकत नाय, म्हनती नाक तव्यासारखं चमकतं. मला लावून बी बसायचंय, अन् धुवाया बी नाय लागलं पाहिजे."

अंबिकाला राग आला. इतका सरळ, स्वच्छ राग तिला कित्येक वर्षांत आला नव्हता, त्या बोट लावून बघणाऱ्या मावशीचा, कप खाली ठेवणाऱ्या तिच्या हाताचा. आणि रागाच्या भरात तिनं सांगून टाकलं, दबक्या आवाजात, भाजीची कृती सांगावी तसं: नाकाचा शेंडा, खाचा, भुवयांमधे, ओठाखाली. दाबायचं, घासायचं नाही. सांगून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आता मागे फिरता येणार नाही. जगात एका माणसाला आता खात्रीनं माहीत होतं. तिला वाटलं होतं की अशा वेळी हातपाय गळतील. प्रत्यक्षात तिला कडकडून भूक लागली आणि तिनं डबा चाटूनपुसून संपवला.

शुक्रवारी वच्छला आली ती नाकावर चुना लावल्यासारखी. शेंडा पांढरा, खाचांत पांढऱ्या दोन रेघा, भुवयांच्या मधे गोल ठिपका. फकिरानं तिच्याकडे पाहून तोंड फिरवलं आणि बाहेर जाऊन हसला. अंबिकानं तिला पाण्याच्या माठामागे ओढलं, टीपकागद दिला. "एवढी कशाला घेतलीस?" "तुमी म्हनला ना चिमूटभर!" "माझी चिमूट म्हणजे…" अंबिका बोलता बोलता थांबली. तिची चिमूट म्हणजे किती हे तिलाच सांगता येईना. अकरा वर्षांत ती चिमूट बोटांनाच ठाऊक झाली होती. वच्छलानं तिचा हात धरला. "तुमीच या ना बाई रविवारी. तुमच्या हातानं करा." विधवेच्या हातानं बघण्याच्या दिवशी पोरीचं तोंड करायचं! पोरीला हे सुचलंच नव्हतं, आणि न सुचल्याबद्दल अंबिकाला ती एकाएकी फार आवडली. नाही म्हणायचं ठरवून तिनं तोंड उघडलं. "किती वाजता?" असं ती म्हणाली.

शनिवारभर ती स्वतःशी भांडत होती. जाऊ नये हे उघड होतं. आत्याच्या घरी चार बायका असणार, त्यांना कळणार की या बाईला पावडरीतलं एवढं कसं कळतं, आणि उस्मानपुऱ्यातून कचेरीपर्यंत गोष्ट पोचायला सोमवार उजाडायची वाट बघावी लागणार नव्हती. पण दुसऱ्या बाजूला एक साधी गोष्ट होती, तिला बघायचं होतं. आपल्या तोंडावर जे जमतं ते दुसऱ्या तोंडावर जमतं का? वच्छलाचं नाक तिच्या नाकाहून आखूड होतं, शेंड्याला बसकं. तिथं उजेड वेगळा पडणार. कपाळ उंच. तिथं भुवयांच्या मधे लावून भागणार नाही, किंचित वर न्यावं लागेल. संध्याकाळचे पोहे निवडताना तिच्या बोटांनी ताटात दोनदा नाक काढलं. सासूबाई म्हणाल्या, "कुठे आहेस गं?" आणि अंबिका म्हणाली, "उद्या उस्मानपुऱ्यात जायचंय, कचेरीतल्या मुलीकडे." "जाऊन ये," सासूबाई म्हणाल्या. कशाला, हे त्यांनी विचारलं नाही.

रविवारी दोनला ती पोचली. पाहुणे चारला यायचे होते. दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत धुतलेली चादर घातलेली खाट, आतल्या खोलीत वच्छला, फुलंब्रीहून सकाळच्या गाडीनं आलेली तिची आई आवडाबाई आणि घराच्या मालकीण म्हणजे आत्या, चतुराबाई. चतुराबाई धिप्पाड, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांनी अंबिकाला बसायला पाट दिला, पाणी दिलं, आणि पाणी देताना तिच्या मोकळ्या कपाळाकडे आणि गळ्याकडे एकदा बघून घेतलं. वच्छला तोंड धुऊन खिडकीशी येऊन बसली. अंबिकानं पिशवीतून फडकं काढलं, त्यावर डबा टेकवला, फडकं झटकलं आणि हात पुढे केला.

"बाई, जरा थांबा," चतुराबाई म्हणाल्या. आवाज वाईट नव्हता, उलट अवघडलेला होता. "राग नका मानू. पोरीसाठी एवढ्या लांब आलात, तुमचे उपकार हायेत. पण आज हात तेवढा नका लावू तिला. शुभाचं काम हाय."

"आत्या!" वच्छला म्हणाली.

"तू गप. दोन डाव हात हालवत परत गेले लोक. आता मला काय बी वावगं नकोय."

आवडाबाई जमिनीकडे बघत राहिल्या. अंबिकाचा हात आपोआप मागे आला होता. त्याला सवय होती, हळदीकुंकवाच्या वेळी कचेरीतही तो असाच मागे येत असे. हे होणार हे तिला माहीत होतं, आणि माहीत असूनही लागायचं ते लागलंच. उठावं आणि जावं, असं तिला वाटलं. आली होती कशाला? तिनं फडकं चतुराबाईंच्या हातात दिलं. "तुम्ही लावा," ती म्हणाली, "मी सांगते."

आणि मग जे सुरू झालं ते अर्धा तास चाललं. अंबिका सांगायची, थोडी घ्या. चतुराबाई विचारायच्या, थोडी म्हंजी किती? एवढी. एवढी म्हंजी? त्यांचा हात भाकरी थापणारा, नाकावर दाबला की नाक पांढरं. पुसा, म्हटलं की त्या घासायच्या, नाक लाल. धुवा. पुन्हा. दुसऱ्यांदा खाचांत रेघा आल्या, तिसऱ्यांदा कपाळावर नकाशा. वच्छलाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते पावडरीतून ओघळलं आणि गालावर पांढरा माग राहिला. चतुराबाई घामाघूम झाल्या. "हे काय खरं नाय," त्या म्हणाल्या. "मी आपली सगळ्या तोंडाला लावते बाई, सारखं तरी दिसंल." वच्छलानं आपला गाल हातानं झाकला, जिथं त्या मावशीनं बोट लावून पाहिलं होतं.

अंबिका उठली. "मोरी कुठे आहे?" तिनं विचारलं. मोरीत जाऊन तिनं तोंडावर पाणी मारलं, तीनदा, चारदा. सकाळी खिडकीशी उभं राहून केलेलं सगळं निघून गेलं. ती तशीच बाहेर आली, पदरानं तोंड टिपत, आणि वच्छलाच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल न लागेल असं अंतर ठेवून बसली. "आरसा ठेव बाजूला," ती म्हणाली. "माझ्याकडे बघ. मी माझ्या तोंडाला करते. जसं करते तसं तू तुझ्या तोंडाला कर. तुझा हात, तुझं तोंड."

चतुराबाई भिंतीशी उभ्या होत्या, त्यांच्याकडे अंबिकानं पाहिलं नाही. भर दुपारी, तीन बायकांसमोर, तिनं डबा उघडला. फडक्याला टेकवला. फडकं झटकलं. वच्छलानंही दुसऱ्या फडक्यावर डबा टेकवून ते झटकलं. "आणखी," अंबिका म्हणाली, "काही उरलं नाही असं वाटेपर्यंत." मग नाकाचा शेंडा. पहिल्या खेपेला जरा जास्तच लागली; तिनं ती टिपून काढली आणि पुन्हा लावली. उजवी खाच. समोर वच्छलाची उजवी खाच. डावी. वच्छला ओठ दुमडून, डोळे तिच्या नाकावर रोखून, एकेक करत होती, आणि तिच्या नाकावरची चमक खरोखरच मावळत चालली होती, पांढरं काही न दिसता. जमतंय, अंबिकाला वाटलं. दुसऱ्या तोंडावरही जमतंय! लोक काय म्हणतील हे त्या क्षणी तिला आठवेना. भुवयांच्या मधे. "तुझं कपाळ उंच आहे, तू किंचित वर ने." ओठाखाली.

चतुराबाई कधी भिंत सोडून जवळ आल्या होत्या ते कळलं नाही. गुडघ्यांवर हात टेकून वाकलेल्या, त्या एकदा या तोंडाकडे, एकदा त्या तोंडाकडे बघत होत्या. "अगं बाई," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "लावलेली कुठं हाय तेच दिसंना." आणि मग, एकदम, "ओ बाई, तुमच्या हनुवटीला राह्यलं बघा. डाव्या अंगाला."

"इथं?" अंबिकानं फडकं नेलं.

"तिथं नाय. खाली. थांबा." आणि चतुराबाईंनी डाव्या हातानं तिची हनुवटी धरून वर केली आणि उजव्या हाताच्या अंगठ्यानं, कुंकवानं कडेला लाल झालेल्या त्या जाड अंगठ्यानं, खळग्याशी राहिलेली पावडर हळूहळू दाबून बसवायला घेतली. घासत नव्हत्या. आता त्यांना बरोबर जमत होतं. अकरा वर्षांत अंबिकाच्या तोंडाला दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता. तिला वाटलं आता आपण रडणार, आणि रडलो तर ते सगळं धुऊन जाईल, म्हणून ती श्वास रोखून, मान वर करून, हलली नाही.

"आत्या, जरा सरक ना," वच्छला मागून म्हणाली, "मला बाईंचं तोंड दिसंना."

चतुराबाई सरकल्या, आणि अंबिकानं तोंड उजेडाकडे केलं.